मागील बाकी

सेनगाव तालुक्यातील गोरेगाव हा हळद आणि सोयाबीनचा मुलूख. तेथील एका जुन्या आडत दुकानामागच्या खोलीतून हल्ली रोज सायंकाळी गिटारचे स्वर ऐकू येतात. ते अद्याप फारसे सुरेल नाहीत. वाजविणारे गृहस्थ ७१ वर्षांचे आहेत. सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपले की ते बैठक मारतात. बैठकीची मुदत एका सामायिकाएवढी, म्हणजे ४८ मिनिटे. एवढा वेळ एका जागी बसण्याची सवय त्यांना बालपणापासून आहे; त्यासाठी निराळी शिस्त लावून घ्यावी लागली नाही.

गिटार त्यांनी प्रथम हाती घेतली ती औरंगाबादला महाविद्यालयात असताना. ब्रिजभूषण काबरा यांनी गिटार मांडीवर आडवी घेऊन तिच्यावर राग वाजविले होते, आणि शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासमवेत त्यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका १९६७ साली निघाली होती. मारवाडातल्या एका व्यापारी घरचा मुलगा हे करू शकतो, याचे त्या वयात मोठे अप्रूप वाटले. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. मराठवाड्यात पेरण्या वाया गेल्या, शेतकऱ्यांकडची उधारी बुडाली, आणि थोरल्या भावाने त्यांना शिक्षण सोडवून दुकानात बोलावून घेतले. त्याच महिन्यात गिटार ९० रुपयांना विकली गेली. विकताना त्यांना कोणी विचारले नाही.

त्यानंतर दर वर्षी क्षमावाणीच्या दिवशी दोघे भाऊ एकमेकांपुढे हात जोडीत आले. जाणता-अजाणता झालेल्या सर्व अपराधांची क्षमा मागितली जाई, दिली जाई. त्या ९० रुपयांचा विषय मात्र एकदाही निघाला नाही. धाकट्याच्या मनात तो होता; थोरल्याच्या मनात नसावा, असा त्याचा समज होता.

गेल्या दिवाळीत जुन्या वह्या बासनात बांधून माळ्यावर ठेवताना १९७२ ची खतावणी उघडली गेली. थोरल्याच्या वळणदार अक्षरात धाकट्याच्या नावे एक स्वतंत्र खाते होते. त्यात एकच रक्कम जमा होती: 'गिटार विक्री, रु. ९०'. पुढच्या वर्षीची वही काढली. तेथे 'मागील बाकी, रु. ९०'. त्याच्या पुढच्या वहीतही तेच. पन्नासांहून अधिक दिवाळ्यांना वहीपूजन झाल्यावर त्या माणसाने ही बाकी स्वतःच्या हाताने नव्या वहीत ओढली होती. व्याज लावलेले नव्हते. पण नोंद खोडलेलीही नव्हती.

थोरले आता ७९ वर्षांचे आहेत. धाकट्याने वही त्यांच्यापुढे ठेवली, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि एवढेच म्हटले, "देणे होते. मागशील असे वाटले होते."

"दादा, मी कसे मागणार होतो?"

आठवड्याभरात हिंगोलीहून नवी गिटार आली. घेण्यापूर्वी दोघांनी दुकानदाराला एक गोष्ट विचारून खात्री करून घेतली. पूर्वी या वाद्याला जनावरांच्या आतड्याची तात लावीत. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनच्या तारा प्रचारात आल्या. तारा नायलॉनच्या आणि घोडी हाडाऐवजी प्लॅस्टिकची, अशी निवड झाली. नायलॉन पोलादापेक्षा मऊ असल्याने वयस्कर बोटांनाही ते सोसते.

तरीही पहिले दोन महिने डाव्या हाताच्या बोटांची टोके हुळहुळत असत. मग त्यांवर घट्टे पडले. शिकविणारा तरुण त्यांच्या नातवाच्या वयाचा आहे. तो त्यांना 'काका' म्हणतो आणि ते त्याला 'सर' म्हणतात. पहिल्या पडद्यावर तर्जनी आडवी टाकून सहाही तारा एकदम दाबणे त्यांना अजून साधलेले नाही. एखादी तार बोटाखालून निसटते आणि खरखरते. तरुणपणी हीच गोष्ट पंधरा दिवसांत जमली होती, हे आठवले की मन खट्टू होते.

अशा वेळी पं. विष्णु नारायण भातखंडे यांचे चरित्र आधार देते. १८६० साली जन्मलेल्या भातखंड्यांनी पत्नी आणि कन्या यांच्या निधनानंतर, वयाची चाळिशी उलटल्यावर, वकिली सोडून उरलेले आयुष्य संगीताला वाहिले. त्यांच्या विद्वत्तेशी येथे तुलना नाही. उशीर झाला म्हणून काम टाकून देऊ नये, एवढाच बोध त्यातून घ्यावयाचा.

सायंकाळी थोरले बंधू त्याच खोलीत भिंतीला टेकून बसतात. त्यांना स्वरातले काही कळत नाही. तार खरखरली की ते डोळे उघडतात, आणि धाकटा पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. यंदाच्या वहीत ते खाते नाही. थोरल्यांनी जुन्या पानावर गिटारची किंमत नावे टाकून खाली रेघ ओढली. किंमत ९० रुपयांहून कितीतरी अधिक होती. जास्तीच्या रकमेपुढे त्यांनी लिहिले आहे, 'व्याज'.