डब्यातले घर, सावकाश दिवस

पुणे-बेंगळूर महामार्गावर लोखंडी कंटेनर लादलेले ट्रेलर आपण नेहमीच पाहतो. असाच एक डबा रानात मुक्कामाला आला आणि त्याचे घर झाले तर? गेल्या हिवाळ्यात जांबोटीच्या पुढे, चोर्ला घाटाच्या वाटेवरील एका शेतात आम्ही अशा घरात दोन रात्री राहिलो. सोबत सौ., दोन्ही मुले आणि सत्तरी ओलांडलेली आई.

या डब्याची कुळकथाही रंजक आहे. माल्कम मॅकलीन या अमेरिकन वाहतूक व्यावसायिकाने २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ जहाजावरून ५८ डबे नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवले आणि जगाच्या मालवाहतुकीची रीतच बदलली. जहाजावरून निवृत्त झालेले डबे आता असे घरासाठी वापरले जातात.

आमचा डबा ४० फूट लांब आणि ८ फूट रुंद, म्हणजे जेमतेम ३२० चौरस फूट. त्यातच झोपायची जागा, ओटा आणि न्हाणी. नुसता पत्रा उन्हात तव्यासारखा तापतो. म्हणून आतून उष्णता रोखणारा थर व प्लायवूड, समोरासमोर खिडक्या आणि वर मोकळी जागा सोडून दुसरे छप्पर. जमिनीची ओल लागू नये म्हणून सगळा डबा सिमेंटच्या ठोकळ्यांवर उचललेला.

विजेची तार इथवर आलेली नाही. सौरऊर्जेवर चार दिवे, एक पंखा आणि मोबाईल एवढेच चालते. फ्रीज नाही, गीझर नाही. आंघोळीचे पाणी तांब्याच्या बंबात तापते. पहिल्या संध्याकाळी मुलांनी टीव्हीची चौकशी केली. दुसऱ्या दिवशी ती बंबात लाकडे सारण्यावरून भांडत होती! दुपारी कणकुंबीला मलप्रभेचा उगम पाहिला. कूडलसंगमला कृष्णेला मिळणारी ही नदी इथे इतकी लहान असते, हे मुलांना पटेना.

रात्री नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी. वाढणाऱ्या मावशी जवळच्याच वाडीतल्या. “अंधारात कसं छान वाटतं!” असे सौ. म्हणाली, तेव्हा त्या हसल्या. “तुमचं दोन दिवसांचं, वैनी. आमची सून अडली तेव्हा भर पावसात पाळणा करून डांबरी रस्त्यापर्यंत आणली. तेव्हा हा अंधार नको झाला होता.” नातू सुखरूप आहे, हे त्यांनी लगेच सांगितले, तेव्हा कुठे आईने पुढचा घास घेतला.

खानापूर तालुक्यातील जंगलातल्या वाड्यांची ही जुनीच व्यथा. २०११ मध्ये भीमगड अभयारण्य जाहीर झाले. रान राखायलाच हवे. पण पावसाळ्यात आजाऱ्याला खांद्यावरून आणावे लागते, हेही विसरून चालणार नाही. आपण विजेविना राहतो ती हौस. त्यांची ती गरज भागलेली नसते.

तरीही अशी सुट्टी जरूर घ्यावी. मात्र काही पथ्ये पाळा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. बॅटरी, ओडोमॉस आणि रोजची औषधे जवळ ठेवा. मोबाईलला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून घरी पत्ता सांगून निघा. प्लॅस्टिकचा कचरा परत गावात आणा. दूध, भाजी, मध वाडीतूनच घ्या आणि घासाघीस करू नका. आणि रात्री दिवा मालवल्यावर शेजारच्या माणसांशी चार शब्द जरूर बोला. त्यांच्या रस्त्याचा प्रश्न आपल्या गावच्या सभेत मांडता आला, तर मुक्काम सार्थकी लागला म्हणायचा.