सुडाची हौस

मुलुंडच्या फलाटावर बदलापूरच्या गाडीची घोषणा झाली, म्हणजे हल्ली माझ्या डोळ्यांपुढे ते गाव उभे राहत नाही. चित्रपट उभा राहतो. श्रीराम राघवन यांचा ‘बदलापूर’ २०१५ साली लागला, तेव्हा मी धाकट्या भावास आग्रहाने बरोबर नेले होते.

आग्रहास कारण होते. रस्ता ओलांडताना एका मोटारीने त्यास उडविले व त्याचा पाय कायमचा अधू झाला. खटला नऊ वर्षे चालला आणि पुराव्याअभावी मोटारवाला सुटला. न्यायालयाच्या पायऱ्या उतरताना तो गृहस्थ हसला. हॅम्लेटच्या दिरंगाईवर वर्षानुवर्षे व्याख्याने झोडणाऱ्या मनुष्याने हे कबूल करणे बरे नव्हे, पण त्या हसऱ्या माणसाला मी मनातल्या मनात कितीदा तरी ठार केले आहे. सूडपटांचा मी नेमाचा प्रेक्षक झालो तो तेव्हापासून. नऊ वर्षांत जे घडत नाही, ते तेथे तीन तासांत घडते. आणि मध्ये तारखा पडत नाहीत!

ही आवड आजकालची नव्हे. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. प्रेक्षकांना कीचकाच्या ठायी लॉर्ड कर्झन दिसू लागला, आणि सरकारने १९१० साली नाटकावर बंदी घातली. परंतु तेथे सैरंध्री स्वतः बोलते. अपमान तिचा, दाद मागणारीही तीच. आमच्या सूडपटांत ज्याच्यावर अन्याय झाला, त्यालाच बहुधा आधी गप्प करतात. ‘जंजीर’मधले (१९७३) आईबाप आरंभीच मारले जातात, ‘अंकुश’मधली (१९८६) अनिता आत्महत्या करते, आणि ‘बदलापूर’मध्ये पत्नी व मूल नीट ओळखीची होण्यापूर्वीच जातात. मेलेल्यांना काय हवे होते, हे विचारण्याची सोय उरत नाही. नायकाचा हात मोकळा होतो. त्यातल्या त्यात एन. चंद्रा यांचा ‘अंकुश’ प्रामाणिक. सूड घेणाऱ्या पोरांना तेथे फाशीची शिक्षा होते.

‘बदलापूर’ मात्र प्रेक्षकालाच पेचात पकडतो. रघू पंधरा वर्षे वाट पाहतो आणि मग दरोड्यातल्या साथीदाराबरोबर त्याच्या बायकोचाही जीव घेतो. शेवटी ते खून स्वतःच्या अंगावर घेतो तो लायक. मूळचा खुनी, दुर्धर रोगाने मरणाच्या दारी आलेला!

ती बाई मेली, तेव्हा मी मुठी आवळून खुर्चीच्या कडेवर आलो होतो. भाऊ हळूच म्हणाला, “दादा, हिनं काय केलं होतं रे?”

परतताना मी त्यास विचारले, “तुला त्या मोटारवाल्याचा चेहरा आठवतो?”

“नाही बुवा. तो तुलाच फार आठवतो.”

पुलाच्या पायऱ्यांशी त्याने नेहमीप्रमाणे माझ्या खांद्यावर हात ठेवला. वकिलांचे उंबरठे झिजविले ते मी, प्रत्येक तारखेला गेलो तो मी. त्याला स्वतःला काय हवे होते, हे विचारायचे राहूनच गेले होते. त्या रात्री विचारावे असे मनात आले. पण तोवर आमच्या घराचा जिना आला, आणि त्याच्यासाठी दिवा लावण्यास मी पुढे झालो.