नदीकाठचे उपनगर

पॅरिसच्या वायव्येस, सेन नदीच्या काठी आर्जांतय नावाचे गाव आहे. पूर्वी तेथे द्राक्षांचे मळे होते. १८५१ साली आगगाडी गावाजवळ येऊन पोहोचली आणि गावाचे रूप पालटू लागले. कारखान्यांची धुराडी उभी राहिली, नोकरदारांची टुमदार घरे झाली. रविवारी शिडाच्या होड्यांतून विहार करण्यास शहरातील मंडळी लोटू लागली. धड शहर नव्हे, धड खेडे नव्हे, असे ते उपनगर बनले.

१८७१ च्या अखेरीस क्लोद मोने हा चित्रकार पत्नी कामीय व लहानगा जाँ यांच्यासह येथे राहावयास आला. फ्रान्स-प्रशिया युद्ध नुकतेच संपले होते. युद्धात मोडलेल्या पुलांची दुरुस्ती चालू होती. मोनेने तो मोडका पूल लाकडी परांचीसकट रंगविला! थोर चित्र म्हणजे पुराणातील देवतांचे अथवा राजेरजवाड्यांचे, असे मानणाऱ्यांना हे कसे रुचावे?

मोनेला मात्र विषय शोधण्यासाठी दूर जावे लागेना. पुलावरून धूर सोडीत जाणारी आगगाडी, पाण्यात थरथरणारी शिडांची प्रतिबिंबे, घराची बाग, हे सारे हाताशीच होते. रंग आता कथिलाच्या नळ्यांत भरून मिळत. ते घेऊन उघड्यावर बसता येई. त्याने तर एका होडीवर लहानशी खोली बांधवून तिचीच चित्रशाळा केली. नदीवरचा प्रकाश क्षणाक्षणाला बदलतो. तो पकडावयाचा तर नदीवरच जावयास हवे, हे किती साधे आणि तरी किती जणांना न सुचलेले! १८७४-७५ च्या हिवाळ्यात बर्फ पडले, तेव्हा त्याने त्या हिमाच्छादित गावाची १८ चित्रे काढली.

१८७४ साली मोने व त्याचे मित्र यांनी पॅरिसमध्ये स्वतःचे प्रदर्शन भरविले. आर्जांतयजवळच्या शेतातील तांबड्या अफूफुलांचे चित्र त्यात होते. पुष्कळांनी त्या प्रदर्शनाची थट्टा केली. चित्रे फारशी विकली जात नसत. घरात कर्ज वाढत होते. एदुआर माने हा मित्र पैशाची मदत करी. (मोने आणि माने या नावांनी तेव्हाचे लोकही गोंधळत!)

पुढे कारखाने वाढत गेले. मोनेची दृष्टी नदीवरून हळूहळू आपल्या बागेकडे वळली. धुराडी त्याच्या चित्रांतून मागे पडली. १८७८ च्या आरंभी त्याने ते गाव सोडले.

१८७४ च्या उन्हाळ्यात मानेने मात्र त्या चित्रशाळा-होडीचेच चित्र काढले होते. छताखाली मोने कुंचला घेऊन बसला आहे, जवळ कामीय आहे. आणि दूर पलीकडच्या काठावर कारखान्यांची धुराडी धूर सोडीत आहेत.