वालांची पिशवी आणि आफ्रिकेचं कालवण

आंबेनळी घाटाखालून,
ता. पोलादपूर

चि. माऊ,


काल तुझा फोन ठेवला आणि रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. तू विचारलंस एवढंच, की नैरोबीच्या मैत्रिणीनं सांगितलेल्या आफ्रिकन कालवणासाठी राजमा किती तास भिजवायचा. पण बोलता बोलता जे सांगून गेलीस ते मनातून जाईना. आजीनं होळीला दिलेली कडव्या वालांची पिशवी कीड लागली म्हणून टाकून दिलीस, आणि वर म्हणालीस, "मावशी, आफ्रिकन कालवणात वालांचं काय काम?" अगं, त्यांचंच तर काम!

आधी राजम्याचं सांगते, ते तातडीचं आहे. स्लो कुकरमध्ये तू लाल राजमा रात्रभर तसाच शिजत ठेवलास, आणि दोघी मैत्रिणी उलट्यांनी हैराण झाल्या. तुम्ही दोष दिलात टोमॅटोला. कच्च्या लाल राजम्यात लेक्टिन नावाचं एक विषारी द्रव्य असतं. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी माणूस आडवा होतो. मंद आचेवर ते मरत नाही, उलट कधी कधी वाढतं. म्हणून राजमा निदान पाच तास भिजवायचा, रात्रभर भिजवलास तर उत्तमच. ते पाणी फेकून द्यायचं, नवं पाणी घालून निदान दहा मिनिटं खळखळ उकळायचा, मी म्हणेन अर्धा तास, आणि मग काय ती मंद आच. साध्या प्रेशर कुकरला चार शिट्ट्या जास्त दे, पण दाणा बोटांत पार चिरडला पाहिजे. तुझ्या नैरोबीच्या मैत्रिणीनं हे तुला सांगितलं नसेल यावर माझा विश्वास नाही. तू अर्धं ऐकून पळाली असशील.

आता माझं म्हणणं ऐक. राजमा आफ्रिकेचा नाहीच. तो अमेरिका खंडातला, पोर्तुगीजांच्या काळात तिकडे पोहोचला आणि तिथलाच होऊन बसला. आफ्रिकेची स्वतःची कडधान्यं म्हणजे चवळी आणि वाल. चवळीचं मूळ आफ्रिकेतच, आणि वालाचे रानटी भाईबंद पूर्व आफ्रिकेत अजून उगवतात. आपल्या माळावरची नाचणी इथिओपिया-युगांडाच्या डोंगरांतून आली, ज्वारी सुदानकडून, बाजरी सहाराच्या काठावरून. हे सगळं हजारो वर्षांपूर्वी इकडे येऊन पोहोचलं. दख्खनमधल्या जुन्या वस्त्यांच्या उत्खननात वालाचे जळके दाणे सापडले आहेत. इतकी वर्षं मी पोरांना भूगोल शिकवला, दरवर्षी नकाशावर काठी फिरवून हे सांगितलं. तू पहिल्या बाकावर होतीस, माऊ!

आणि आपला जिल्हा तर आफ्रिकेशी बोललेला जिल्हा आहे. मुरुडच्या जंजिऱ्यावर आफ्रिकी वंशाच्या सिद्दींचं राज्य १९४८ पर्यंत होतं. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला. आणि आजचं सांगायचं तर वरणातली तूरडाळ कित्येकदा मोझांबिकची असते. २०१६ मध्ये आपल्या सरकारनं त्यांच्याशी डाळीचा करारच केला. म्हणजे तू जे परकं म्हणून कौतुकानं मांडतेस, ते तुझ्या ताटात रोज येऊन बसलेलं आहे.

तुझ्या मैत्रिणीचं कालवण मला मनापासून आवडलं, हे आधी लिहायला हवं होतं. तिनं सांगितलेलं ते किनाऱ्याकडचं, नारळाच्या दुधातलं, तेच करून बघ. पण चवळीचं कर. चवळी चार तास भिजली की पुरे, राजम्यासारखी धास्ती नाही. आधी नुसत्या पाण्यात मऊ शिजव. टोमॅटो आधी घालू नकोस, आंबटानं दाण्याची सालं ताठ होतात आणि मग शिजता शिजत नाही. दुसऱ्या भांड्यात भरपूर कांदा गुलाबी होऊ दे, त्यावर टोमॅटो, हळद, दोन हिरव्या मिरच्या. तेल सुटलं की शिजलेली चवळी त्यात ओत, नारळाचं पातळ दूध घाल, मूठभर दाणे चमच्यानं ठेचून टाक म्हणजे रस्सा दाट येतो. नारळाचं दाट दूध अगदी शेवटी, आणि ते घातल्यावर खळखळू देऊ नकोस, फुटतं. मीठही शेवटीच. तुझी मैत्रीण घरी हे उगालीबरोबर खात असेल. तू तिला नाचणीची भाकरी वाढ. तिच्या देशातही पश्चिमेकडे नाचणीच्या पिठाची उगाली करतात, ती ओळखेल.

एकदा तिला बिरडंही खाऊ घाल. पण त्यासाठी वाल हवेत आणि ते तू टाकलेस! वालाला कीड लागली की तो सगळा टाकत नाहीत, बाळ. उन्हात पसरायचा, पाखडायचा, भोकं पडलेले दाणे पाण्यावर तरंगतात ते वेगळे काढायचे. आजी राखेत घोळवून ठेवते ते उगीच नाही. वाल रात्रभर भिजवून फडक्यात बांधायचे. पावसाळ्यात मोड यायला दीड-दोन दिवस लागतात, घाई करू नये. मोड आले की कोमट पाण्यात टाकायचे आणि मोडाच्या बाजूनं अंगठ्यानं हलकेच दाबायचं. साल हातात राहतं आणि पिवळसर, ओलसर डाळिंबी सुळकन बाहेर येते. आजीचे डोळे आता नीट दिसत नाहीत, पण बोटं अजून एक डाळिंबी मोडू देत नाहीत. कडवटपणा सालात आणि भिजवलेल्या पाण्यात जातो, म्हणून पाणी बदलायचं. शिजवताना डाव घालून ढवळायचं नाही, भांडंच धरून हलवायचं, आणि वर झाकणात पाणी ठेवायचं. तुझ्या त्या नारळाच्या रश्श्यात डाळिंब्या घातल्यास तर मैत्रीण पुन्हा राजम्याचं नाव काढणार नाही.

मला खरी रुखरुख वेगळीच आहे. दुकानात चवळी मिळते, पण आपल्याकडचा कडवा वाल पेरणारे किती उरलेत? भात कापलं की नांगराच्या एकाच फेरीत वाल पेरायचे, जमिनीतल्या ओलीवर आणि दवावर ते वाढायचे. पाणी द्यायचं नाही, खत नाही, उलट मुळांवरच्या गाठींमधून पुढच्या भाताला नत्र मिळायचं. जानेवारीत शेंगांची पोपटी लावायची, मार्चमध्ये झोडणी. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं कोकण वालाचे सुधारित वाण दिले, पण पेरायला हात कुठून आणायचे? पोरं मुंबईला, बडोद्याला. वानरं आणि डुकरं राखायला माणूस नाही, म्हणून भातानंतरची शेतं उघडी पडतात. वरच्या वाडीत यंदा एकानंच वाल केले. आजी अजून एका वाफ्यात लावते, तेही कुणासाठी, ते मी वेगळं सांगत नाही. बी एक-दोन वर्षं पेरलं नाही की घरातून जातं. मग ते दुकानात विकत मिळत नाही, माऊ. मिळतो तो दुसरीकडचा, गोडा वाल.

दापोलीचं नाव लिहिलं आणि हात थांबला. २०१८ च्या जुलैत त्याच विद्यापीठातली माणसं सहलीला महाबळेश्वरला निघाली होती. आपल्या घाटात बस दरीत गेली, एकच जण वाचला. तेव्हापासून पावसात गाडीचा हॉर्न वरून आला तरी मी दारात येते.

तू आषाढातच यायचं म्हणतेस, मैत्रिणीला घेऊन. ये, पण महाबळेश्वर बघत घाटानं उतरायचा हट्ट धरू नकोस. २०२१ ला तळियेवर दरड आली, इकडे केवनाळ्यातही आली, आणि त्यानंतर दर पावसात डोंगर कुठे ना कुठे सुटतोच. वरंधा घाटही पावसात बंद असतो. ताम्हिणीतून माणगावला या, तिथून महाड करून पोलादपूर. तेही उजेडात. सावित्रीला पाणी चढलं तर महाडला थांबा, तिथल्या मामांकडे जागा आहे, मी सांगून ठेवते. निघण्याआधी सकाळी फोन कर, मी घाटाची नि नदीची खबर घेऊन सांगीन, मगच निघा. आणि राजम्यानं आजारी पडलेल्या त्या दोघींची पोटं आता कशी आहेत ते लिही. अजून त्रास होत असेल तर डॉक्टरकडे न्या, घरगुती काढे करत बसू नका.

तुझी
मावशी