दुसरा रिमोट



शाळेच्या पत्रिकेत व्हिडिओ गेमविषयी लिहायला एक आई बसली आहे, याचे काहींना नवल वाटेल. 'मुलांना या खेळांपासून वाचवा' असा लेख असता तर ते वाटले नसते! पण मी स्वतःच या दुखण्याची जुनी रोगी आहे, म्हणून आधी कबुली देते.

१९९५-९६ च्या हिवाळ्यात बाबांनी आम्हाला ग्वाल्हेरच्या मेळ्यात व्हिडिओ गेम घेऊन दिला. १९०५ पासून भरणारा आपला हा मेळा. आई बरण्यांचा भाव करत होती आणि दादा व मी विजेच्या वस्तूंच्या दुकानापुढून हलायला तयार नव्हतो. ते यंत्र म्हणजे जपानी फॅमिकॉमची स्वस्त नक्कल होती, हे पुष्कळ वर्षांनी कळले. सोबत जी कॅसेट मिळाली तिच्यात 'कॉन्ट्रा' होता.

कोनामी या जपानी कंपनीचा हा खेळ १९८७ मध्ये नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवर आणि १९८८ मध्ये घरगुती यंत्रावर आला. दोन शिपाई, एक निळ्या विजारीचा, एक लाल. आठ टप्पे. सुरुवातीला तीन लाइफ, आणि एक गोळी लागली की एक लाइफ गेलीच. 'एस' अक्षराची बंदूक मिळाली की गोळ्या पंख्यासारख्या पसरत सुटायच्या आणि आम्ही आनंदाने ओरडायचो.

वर्गातल्या एका मुलाने मला वहीच्या शेवटच्या पानावर एक मंत्र लिहून दिला होता: वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए. सुरुवातीलाच ही बटणे दाबली की ३० लाइफ! हा मंत्र काझुहिसा हाशिमोतो यांनी आधी 'ग्रेडियस' नावाच्या खेळासाठी केला होता. तो खेळ तपासताना त्यांना स्वतःलाच फार अवघड जात होता, म्हणून. करणाऱ्यालाही खेळ जमत नव्हता, हे वाचले तेव्हा मला फार बरे वाटले. २०२० मध्ये ते वारले.

मे महिन्याच्या दुपारी बाहेर लू वाहायची, आत कूलर घरघरायचा आणि आम्ही कॅसेटवर फुंकर मारून खेळायला बसायचो. वीज गेली की खेळ पुन्हा पहिल्या जंगलापासून. मध्येच जपून ठेवायची सोय त्यात नव्हती. पण माझे खरे दुःख वेगळे होते. पहिला रिमोट नेहमी दादाचा, दुसरा माझा. तिसरा टप्पा धबधब्याचा. तिथे खडकांवर उड्या मारत वर चढायचे असते, आणि जो पुढे जाईल त्याच्याबरोबर पडदा वर सरकतो. मागे राहिलेला पडद्याखाली जातो आणि मरतो. दादा सरसर चढायचा. मी शत्रूच्या गोळीने नव्हे, त्याच्या घाईने मरायचे. एकदा रागाने मी रिमोट फरशीवर आपटला आणि त्याचे बटण तुटले. बाबांनी विचारले तेव्हा दादा म्हणाला, "माझ्या हातून पडला." मार त्याने खाल्ला. मी गप्प राहिले.

पुढे दादा नोकरीसाठी पुण्याला गेला. फोन आधी रोज, मग आठवड्याने, मग सणावारी. भाऊबीजेचे ओवाळणेही काही वर्षे फोनवरच झाले. भांडण काही नव्हते. आपापले संसार होते, एवढेच.

२०२४ च्या दिवाळीत तो आला. माझ्या मुलाने तेव्हा संगणकावर 'कॉन्ट्रा: ऑपरेशन गलुगा' घेतला होता. जुन्या कॉन्ट्राचा हा नवा अवतार मार्च २०२४ मध्ये आला. कोनामीसाठी तो वेफॉरवर्ड या अमेरिकन कंपनीने बनवला. फराळ झाल्यावर मुलगा म्हणाला, "मामा, खेळणार?"

दादाने पहिला रिमोट उचलला, थोडा थांबला आणि माझ्या हातात दिला. "आज पहिला तुझा."

खेळ कसा आहे? खरे सांगते, सदोष आहे. जुन्या खेळात गोष्ट नव्हतीच, थेट जंगलात उडी! इथे दर टप्प्याआधी पात्रे बोलत बसतात. "अरे, गोळी मारू दे की!" असे दादा तीनदा म्हणाला. चित्रे चकचकीत आहेत, पण जुन्या ठोकळेबाज चित्रांसारखी डोळ्यांत बसत नाहीत. 'स्विच' या यंत्रावर हा खेळ अडखळतो, अशी समीक्षकांचीही तक्रार होती.

तरी मजा आहे. आता हवेत दुसरी उडी मारता येते, झेप घेता येते. हातातले शस्त्र खर्ची घालून त्याची खास ताकद वापरता येते. एका गोळीत मरायचे की काही गोळ्या सोसायच्या, हेही आधी निवडता येते. दादाचा अंगठा मात्र १९९६ मध्येच अडकलेला! "मामा, दुसरी उडी!" असे मुलगा ओरडायचा आणि मामा पहिल्याच उडीत खड्ड्यात. आम्ही इतके हसलो की आई स्वयंपाकघरातून बघायला आली.

मग मुलाने मूळ खेळही लावला. २०१९ च्या कोनामीच्या संग्रहात तो पुन्हा मिळतो. धबधबा आला. मी चढत गेले. खाली पाहिले तर लाल विजारवाला पडद्याबाहेर.

"मारलंस ना मला!" दादा म्हणाला. मग हळूच, "तुला असं व्हायचं होय?"

तेव्हा मी त्याला रिमोटच्या बटणाची आठवण दिली आणि सॉरी म्हटले. त्याला ते आठवतही नव्हते! पुढच्या वेळी आम्ही मोजून चढलो. एक, दोन, उडी. जो पुढे, त्याने थांबायचे. धबधबा दोघेही पार झालो.

नवा खेळ जुन्यासारखा नाही, आणि आम्हीही राहिलो नाही. पण त्याच्या निमित्ताने आम्ही एका सतरंजीवर बसलो. पालकहो, मुलांच्या खेळाला वेळेची मर्यादा जरूर घाला. पण कधीतरी दुसरा रिमोट आपल्या हातात घ्या. आणि मुलांनो, पहिला रिमोट तुमच्याकडे असेल तर वर चढताना एकदा खाली बघा.

दादाचा आता दर रविवारी फोन येतो. मंत्र त्याला अजून पाठ आहे. मलाही.