मळ्यावर कोण राहणार?

जुन्नर-आंबेगावातल्या मळ्यावरच्या घरात लग्नाची पत्रिका आली की आहेराचं बोलणं नंतर निघतं. पहिला प्रश्न असतो, "मग मळ्यावर कोण राहणार?" घरं गावठाणापासून लांब, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर किंवा त्याहूनही दूर, आणि मधे ऊस. गोठ्यातल्या गाईची धार सकाळ-संध्याकाळ काढायची असते, दूध डेअरीला घालायचं असतं. त्यामुळे सगळं घर एकदम उठून कधी जात नसे. आजोबा राहायचे, नाहीतर एखादी सून राहायची, नाहीतर दहावीचा अभ्यास असलेला पोरगा गुरांपाशी ठेवला जायचा.

कुत्र्याचा वेगळा विचार करायची वेळच येत नव्हती. दोन वेळच्या धारा होत्या म्हणून माणूस होतं, माणूस होतं म्हणून चूल पेटत होती आणि चूल पेटत होती म्हणून कुत्र्याला भाकरी होती. संध्याकाळी दिवा लागायचा, पडवीत खोकण्याचा आवाज असायचा आणि त्याच्या आधाराने कुत्रं पायरीशी पडून राहायचं. त्याची सगळी सोय गाईच्या सोयीत मिळून गेलेली होती.

ही साखळी आता बऱ्याच घरांत तुटली आहे. ट्रॅक्टर आला, बैल गेले. दूधधंदा ज्यांनी धरला त्यांनी मोठा गोठा बांधला, बाकीच्यांनी शेवटची गाय विकून टाकली. मुलं चाकणला, भोसरीला कंपनीत लागली. आता लग्न असो, देवदर्शन असो की मुंबईतला दवाखाना, घराला कुलूप लावून सगळी मंडळी एका गाडीत बसतात. मागे राहतं ते एकटं कुत्रं. पळून जाऊ नये म्हणून ते ओट्याच्या खांबाला साखळीने बांधलेलं असतं. समोर पाण्याची पातेली असते आणि शेजारच्या पोराला सांगून ठेवलेलं असतं, "दोन दिवस भाकरी टाक रे बाबा." पोरगा इमानाने दोन्ही वेळा भाकरी टाकतोही. पण मुक्कामाला तो आपल्या घरी जातो, आणि या मुलखात खरी अडचण अंधार पडल्यावर सुरू होते, ती बिबट्याची.

कुकडी प्रकल्पाची पाच धरणं याच दोन तालुक्यांत आहेत: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. डिंभ्याच्या पाण्याखाली तर जुनं आंबेगाव गावच गेलं, तालुक्याचं नाव तेवढं राहिलं. कालव्यांनी पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला, निवृत्तीनगरचा विघ्नहर आणि पारगावचा भीमाशंकर हे साखर कारखाने उभे राहिले. आडसाली ऊस रानात दीड वर्षाच्या आसपास उभा असतो. एवढा काळ दाट सावली, पाण्याचा पाट जवळ आणि माणसाची ये-जा कमी. बिबट्याच्या मादीला वेतासाठी याहून सोयीची जागा कुठली? तोडणीच्या दिवसांत फडात पिल्लं सापडतात, काम थांबतं, वनखात्याला फोन जातो. या पिल्लांची आईशी पुन्हा गाठ घालून देण्याचं काम माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातली माणसं वनखात्याबरोबर वर्षानुवर्षं करत आली आहेत. वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था २००७ पासून तिथे आहे. जे बिबटे पुन्हा रानात सोडता येत नाहीत त्यांची खाण्यापिण्याची आणि औषधपाण्याची सोय त्या केंद्रात होते.

उसात राहणारा बिबट्या खातो काय? जुन्नरच्या उत्तरेला लागून असलेल्या अकोले तालुक्यात वन्यजीव संशोधक डॉ. विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांची विष्ठा गोळा करून याचं उत्तर शोधलं. भक्ष्याच्या एकूण वजनात पाळीव प्राण्यांचा वाटा ८७ टक्के निघाला आणि त्यात सर्वांत मोठा, ३९ टक्क्यांचा, वाटा होता कुत्र्यांचा. मांजरं १५ टक्के, शेळ्या ११ टक्के. त्या भागात शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सातपट होती, तरीही कुत्रीच जास्त खाल्ली गेली. कारण शोधायला फार लांब जायला नको. शेळी विकत घेतलेली असते. तिच्या मागे दिवसा राखणारा असतो, रात्री ती कोंडली जाते आणि बिबट्याने नेली तर पंचनामा होतो, भरपाई मिळते. कुत्रं रात्री बाहेरच असतं. ते बाहेर असावं म्हणूनच तर पाळलेलं असतं.

पिंजरा लावून बिबट्या पकडायचा असतो तेव्हा आतल्या कप्प्यात शेळी किंवा कोंबड्या ठेवतात. जागचं हलू न शकणारं, आवाज आणि वास देणारं, एकटं जनावर. कुलूपबंद घराच्या ओट्यावर साखळीला बांधलेल्या कुत्र्याची स्थिती याहून फार निराळी नाही. मोकळं कुत्रं निदान पळतं, गोठ्यात शिरतं, बाजेखाली दडतं. बिबट्याचा वास आला की एरवी भुंकून रान उठवणारं कुत्रं एकदम गप्प होतं आणि दाराला अंग घासू लागतं, असं मळ्यावरची माणसं सांगतात. दार उघडायला घरात कोणी असेल तर त्या अंग घासण्याला अर्थ आहे. चार हात साखळीच्या टोकाला आणि बंद कुलपासमोर त्याने करायचं काय? रिकाम्या घरापाशी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला राखणदार म्हणू नये, हे स्पष्ट सांगायला हवं. ते राखण करू शकत नाही आणि स्वतःलाही वाचवू शकत नाही.

बिबटेच उचलून दुसरीकडे नेऊन सोडले तर, हा विचार पूर्वी झालेला आहे. जुन्नरमध्ये फेब्रुवारी २००१ पासून मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दूर सोडण्यात आले. त्यानंतर माणसांवरचे हल्ले कमी व्हायचे ते वाढलेच. वर्षाला सरासरी ४ होते ते २००१ ते २००३ या काळात १७ वर गेले, हेही अथ्रेया यांच्याच अभ्यासात नोंदलेलं आहे. बिबट्या इथे राहणार आहे, ऊसही राहणार आहे. त्यामुळे कुत्र्याची सोय माणसालाच लावावी लागेल.

धनगरांनी ती फार पूर्वी लावली. पावसाळा सरला की मेंढ्यांचे कळप या रानांतून जातात, तेव्हा त्यांच्या कुत्र्यांच्या गळ्याकडे जरा थांबून पाहावं. जाड पट्टा, त्यावर बाहेरच्या बाजूला टोकं काढलेले लोखंडी खिळे, बोटभर अंतरावर एकेक. आतल्या बाजूला कातडं किंवा चिंध्या, म्हणजे मान सोलवटू नये. बिबट्या नरडं धरतो, म्हणून नरड्यालाच कुंपण. हे शहाणपण पिढ्यांच्या अनुभवातून आलेलं आहे, आणि ते या तालुक्यांच्या शेजारी आता माणसांच्याही गळ्यात आलं. २०२५ च्या नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडची माणसं शेतात जाताना स्वतःच्या गळ्यात काटेरी पट्टे घालू लागली. त्याआधी थोड्याच दिवसांत त्या परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत जीव गेले होते. लहान मुलंही गेली. ज्या गावात आई पोराला अंगणात सोडायला धजत नाही तिथे कुत्र्याच्या काळजीचा विषय काढणं कुणाला भलतंच वाटेल. तसं ते नाही. ओट्यावर कुत्रं सहज मिळतं हे बिबट्याला कळलं की तो पुन्हा त्याच ओट्याकडे येतो. कुत्रं नीट कोंडलेलं असणं हे घरातल्या पोरांसाठीही बरंच आहे.

धनगराचं आणखी एक वैशिष्ट्य असं की त्याला कुत्रं मागे ठेवावं लागत नाही. घरच चालत असतं, कुत्रं त्याच्याबरोबर चालतं. ऊसतोडीला येणाऱ्या कुटुंबांचंही बऱ्याचदा तसंच. गाडीत संसार, दोन शेळ्या आणि आसाच्या सावलीतून चालणारं कुत्रं. दाराला कुलूप लावून निघणाऱ्या माणसालाच कुत्र्यासाठी जागा शोधावी लागते.

अशी जागा विकत मिळते ती पुण्याकडे. श्वानवसतिगृह म्हणा, बोर्डिंग म्हणा, बहुतेक जण 'हॉस्टेल' म्हणतात. मंचर-नारायणगावच्या बंगल्यांतून आता लॅब्राडॉर आहेत, जर्मन शेफर्ड आहेत, आणि परगावी निघालेली काही मंडळी वाटेत त्यांना तिथे उतरवतात. चांगली बोर्डिंगवाली व्यक्ती पैशांआधी लसीचं पुस्तक मागते. रेबीजची लस झाली का? पार्व्हो, डिस्टेंपर, लेप्टोची? दाटीने ठेवलेल्या कुत्र्यांत एकाला खोकला लागला की बाकीच्यांना लागायला वेळ लागत नाही, त्याचीही लस असते, थेंब नाकात सोडतात. मग खाण्याची चौकशी. दूध-भाकरीवर वाढलेल्या कुत्र्याला एकदम पाकिटातल्या गोळ्या घातल्या की जुलाब होतात. म्हणून पीठ सोबत द्यावं, नाहीतर निदान काय खातं ते नीट सांगावं. मातीवर जायची सवय असलेलं कुत्रं फरशीवर लघवी करत नाही, तटतटून बसतं. हे मालकालाही माहीत नसतं, कारण घरी फरशीचा प्रश्नच आलेला नसतो. आणि एक वापरलेली गोधडी द्यावी, न धुता. कुत्र्याला घर ओळखू येतं ते वासाने.

पहिली रात्र जड जाते. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी लॅब्राडॉर कुत्र्यांवर केलेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्या कुत्र्यांना आधीपासून थोडा थोडा वेळ अशा कोठडीत राहायची सवय लावली होती, त्यांच्या शरीरातलं ताणाचं संप्रेरक पहिल्या रात्री इतरांपेक्षा कमी आढळलं. मुक्कामाआधी एखादा दिवस नेऊन संध्याकाळी परत आणावं, पुढे एक रात्र ठेवून पाहावं, मग आठ दिवसांचं काढावं. माणूस परत येतो हे कुत्र्याला सांगून कळत नाही. एकदोनदा आलेला पाहिला की कळतं.

इंग्लंडात १९६३ सालीच अशा जागांसाठी कायदा झाला आणि परवाना आला. आपल्याकडे १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे, आणि त्याच्या अकराव्या कलमात दोन गोष्टी मळेकऱ्याने मुद्दाम वाचाव्यात अशा आहेत. सतत साखळीत किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही तर तो गुन्हा ठरतो. पुरेसं अन्न, पाणी आणि निवारा न देणं हाही गुन्हाच.

मळ्यावरच्या गावठी कुत्र्याला मात्र पुण्याला नेऊन ठेवणं होणार नाही. खर्च एक, आणि उघड्या रानात वाढलेल्या जनावराला ते मानवणारही नाही. त्याची सोय वस्तीवरच व्हायला हवी आणि ती अवघड नाही. शेजाऱ्याचा गोठा बंदिस्त असेल, दाराला जाळी आणि वर छप्पर असेल, तर रात्रीपुरतं कुत्रं त्याच्या शेळ्यांशेजारी जावं. वरून उघडा पिंजरा कामाचा नाही, बिबट्या भिंत सहज चढतो. गोठा नसेल तर पंपाची खोली आहे, अवजारांची खोली आहे, फक्त खतांच्या गोण्या आणि फवारणीचे डबे आधी बाहेर काढायचे. अंधार पडायच्या आत दार लावायचं आणि उजाडल्यावर उघडायचं, एवढं काम आहे, आणि ते भाकरी टाकण्यापेक्षा महत्त्वाचं आहे.

आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी आणि ठाकर समाजात पडकई चालत आली. आज तुझ्या खाचराला सगळे, उद्या माझ्या. सखल भागात सावड होती. त्याच रीतीने चार घरांच्या वस्तीने कुत्र्यांची पाळी का लावू नये? यंदा तुमचं लग्न, आमच्या गोठ्यात तुमचं कुत्रं. पुढच्या महिन्यात आमची पंढरी, तुमच्या गोठ्यात आमचं. कुत्र्यांची आधी ओळख करून द्यावी लागेल, पहिले चार दिवस गुरगुर होईल, दोघांना वेगळं खायला घालावं लागेल. मळ्याला मळा लागून असलेली कुत्री एरवीही बांधावर एकमेकांना ओळखून असतात.

वडजचा खंडोबा, धामणीचा खंडोबा ही इथली जागृत ठाणी. देवाच्या घोड्याबरोबर कुत्रं असतं, वाघे स्वतःला त्याच देवाची कुत्री म्हणवून घेतात. त्या देवाच्या भंडाऱ्याला जाताना घरचं कुत्रं खांबाला एकटं बांधून जाणं मनाला पटत नाही.

चैत्रात गावोगावच्या यात्रा लागतात. मुंबईचे डबेवाले, ज्यांच्यातले कितीतरी याच तालुक्यांतले, यात्रेसाठी डबे बंद ठेवून गावी येतात. त्यापाठोपाठ लग्नसराई आणि आषाढात वारी. म्हणजे घरं रिकामी पडायचे दिवस आधीच ठाऊक असतात. लसीचा गुण यायला दोन-तीन आठवडे जातात, तेव्हा कुत्र्याला दवाखान्यात न्यायचं ते फाल्गुनातच. कुत्र्याला दिलेली डिस्टेंपरची लस रानातल्या जनावरांसाठीही गरजेची आहे. गीरच्या सिंहांत २०१८ साली मृत्यू झाले, तेव्हा तपासणीत हाच विषाणू आढळला होता, आणि कुत्र्यांचे असे आजार त्यांना खाणाऱ्या बिबट्याकडेही जाऊ शकतात. गोठ्याची जाळीही त्याच सुमाराला पाहून घ्यावी. खालच्या कोपऱ्यात ती आधी गंजते, शेणामुताने, आणि कुत्रं आतून उकरतं ते तिथेच.