रंगातले मरण

भाऊबीज उलटली की आमच्या भंडारा जिल्ह्यात, साकोली-लाखांदूरकडे, झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. नाटक रात्रभर चालते. लढाईत पडलेला सेनापती पहाटे रंग पुसून चहा पिताना दिसतो आणि कुणाचा विरस होत नाही. मरण नाटकातले होते, हे रडणाऱ्यालाही ठाऊक असते.

टीव्हीवरच्या नाचाच्या स्पर्धांचे तसे नाही. त्यांचे नावच मुळी 'रिअ‍ॅलिटी शो'! तिथे पोरे गणवेश चढवून सीमेवरची लढाई नाचतात, एकेक जवान पडतो, परीक्षक डोळे टिपतात. मग तोच नाच गावच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात येतो. अशाच एका संमेलनात लोंगेवालाची लढाई झाली. मिशा रंगवलेल्या एका चिमुकल्या जवानाला मी विचारले, "आपले किती गेले रे?" तो म्हणाला, "सारेच, जी!"

त्याचे काय चुकले? १९९७ च्या 'बॉर्डर' चित्रपटातही आपले कितीतरी जवान पडतात. प्रत्यक्षात डिसेंबर १९७१ मधल्या त्या लढाईत आपले दोन जवान गेले, आणि शत्रूच्या रणगाड्यांचा कणा मोडला तो उजाडताच आलेल्या हंटर विमानांनी. पण दोन हा आकडा रडवायला अपुरा वाटतो. मग खोट्या मरणांची गर्दी होते आणि तिच्यात ती दोन खरी मरणे हरवतात.

त्या डिसेंबरात दोन घरांत अंधार झाला होता. तेवढे लक्षात ठेवायला कल्पनेतले एकही मरण लागत नाही.